अण्णांची सेवा करतोय पण मनात भावाचा हिशेब चालूच असतो, याला आत्मत्याग म्हणायचं का?

श्रीरामपूरकर

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांब होईल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा ७४ वर्षांचे. १४ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सगळं कळतं त्यांना, पण शब्द सापडत नाही, "ते... ते..." करत राहतात आणि मग चिडतात, कधी कधी तर सरळ शिवी बाहेर येते, आणि हा तो माणूस ज्याने आयुष्यात कुणाला अरेतुरे केलं नाही, आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं पेटी वाजवली. मी पतसंस्थेत क्लार्क आहे. पहाटे ५ ला उठतो, अण्णांचं डायपर, अंग पुसणं, दाढी, नाश्ता, गोळ्या, मग ऑफिस, संध्याकाळी आलो की परत तेच. रात्री दोनतीनदा उठावं लागतं.

धाकटा भाऊ गल्फमध्ये आहे, ९ वर्षं झाली. पहिले दोन महिने पैसे पाठवले, मग "दादा इकडे पण जरा टाइट आहे" झालं आणि थांबलं. महिन्यातून एखादा फोन.

आता खरी गोष्ट. माझ्याकडे एक वही आहे, लाल कापडी पाठीची लांबट वही, पतसंस्थेत असते तसली. पुढच्या पानांवर अण्णांचा खर्च लिहितो, औषधं, फिजिओ, डायपर, तारीखवार. त्यात काही गैर नाही असं मला वाटतं. पण दिवाळीपासून वहीच्या मागच्या बाजूने मी दुसरंच लिहायला लागलोय. "रात्री तीनदा उठलो. याचा फोन नाही." "अण्णांचा वाढदिवस, फोन ४ मिनिटं." "गावात लग्न होतं, जाता आलं नाही." असं अकरा पानं भरलीत. कशासाठी लिहितोय ते मला चांगलं ठाऊक आहे, खोटं कशाला बोलू. एक दिवस तो येईल, घराच्या वाटणीचा विषय निघेल, तेव्हा ही वही त्याच्या पुढ्यात टाकायचीय.

मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी लूकच्या शुभवर्तमानातल्या ९:२३ वर संदेश दिला, स्वतःचा त्याग कर, रोज आपला वधस्तंभ उचल आणि माझ्यामागे ये. उपासना सुटल्यावर दोघातिघांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आत्मत्याग बघायचा तर तुमच्या घरी बघावा. मला तिथे उभं राहवेना.

आणि रात्री तर अजून अवघड होतं. अण्णांना साधं "पाणी" म्हणता येत नाही पण मी प्रभूची प्रार्थना सुरू केली की ते माझ्याबरोबर पूर्ण म्हणतात, एक शब्द चुकत नाही. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" हे तर इतकं स्पष्ट म्हणतात की अंगावर काटा येतो, आणि ती वही त्यांच्याच उशाच्या कपाटात असते. आठवडा झाला, त्या ओळीला मी गप्प राहतो, अण्णा एकटेच म्हणतात.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, चहा आणि मटण सोडलंय. परवा डोकं नुसतं ठणकत होतं, अण्णांनी डाव्या हाताने पेज खाताना नवीन बदललेल्या चादरीवर सांडली तर मी त्यांच्या हातातून चमचा हिसकावला. जोरात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

तर विचारायचं एवढंच की असली सेवा देवाच्या लेखी धरली जाते का? प्रार्थनासभा सुटली, पवित्र शास्त्र उघडून महिना झाला, आत्मिक वाढ वगैरे तर लांबच राहिली, उलट मी आधी होतो त्याच्यापेक्षा वाईट झालोय असं वाटतं.

---

पुण्याचा विश्वासी

प्रेज द लॉर्ड भाऊ. ती वही आज रात्रीच जाळा, विचार करत बसू नका. पवित्र शास्त्रात १ करिंथ १३ मध्ये स्पष्ट आहे, प्रीती अपकार स्मरत नाही. मी माझ्या धंद्यातल्या पार्टनरबद्दल असंच तीन वर्षं मनात धरून होतो, झोपेच्या गोळ्या लागल्या होत्या, ज्या दिवशी गुडघ्यावर येऊन सोडून दिलं त्या दिवसापासून झोप लागते. वही घरात आहे तोवर शांती मिळणार नाही. तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

---

निवृत्त मास्तर, नगर

बाळा, तुझं सगळं दोनदा वाचलं.

वही जाळायची घाई करू नकोस. पुण्याच्या भावाच्या भावना खऱ्या आहेत पण वहीची पुढची बाजू आणि मागची बाजू या दोन वेगळ्या वह्या आहेत हे तुझं तूच लिहिलंयस. पैशाचा हिशेब चोख ठेवणं हे पाप नाही, पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कुणी बोट दाखवू नये म्हणून बरोबर माणसं घेतली होती, दुसऱ्या करिंथकरांसच्या आठव्या अध्यायात आहे ते. पुढची बाजू ठेव. भावाला दाखव सुद्धा, पण आजच दाखव, वाटणीच्या दिवसासाठी राखून ठेवू नकोस.

आता आत्मत्याग. आपल्या मंडळ्यांमध्ये या शब्दाचा अर्थ फार घसरलाय असं मला वाटतं, कुणी मटण सोडतं, कुणी बाईने नवऱ्याचा मार सोसला तर तिलाही आपण आत्मत्याग म्हणून मोकळे होतो, आणि त्याचा मला राग येतो. मूळ ग्रीकमध्ये "स्वतःला नाकारावे" साठी मार्कने त्याच्या शुभवर्तमानात जे क्रियापद वापरलंय तेच त्याने पुढे येशूचा शिष्य पेत्र याच्या बाबतीत वापरलंय, येशू त्याला म्हणतो, कोंबडा दोनदा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. आणि पेत्राने नाकारलं म्हणजे काय केलं? "मी त्या माणसाला ओळखत नाही" असं म्हणाला. बस. म्हणजे येशू सांगतोय की जे पेत्राने माझ्याबाबत केलं ते तू तुझ्या "मी" बाबत कर. तो आतला माणूस येऊन सांगायला लागला की बघ माझ्यावर किती अन्याय झाला, लिही हे, तर त्याला म्हणायचं, मी तुला ओळखत नाही. त्याचा अर्थ झोप मारायची, जेवण मारायचं, स्वतःला पोतेरं करून घ्यायचं असा होत नाही. तुझी वहीची मागची बाजू त्या आतल्या माणसाने लिहिलीय, अकरा पानं. तू पाच वाजता उठतोस ते तू उठतोस.

दुसरं असं की "रोज" हा शब्द फक्त लूकने घातलाय. मत्तय आणि मार्क दोघांकडे तेच वचन आहे पण "रोज" नाही. मला तरुणपणी वाटायचं वधस्तंभ म्हणजे एकदाच काहीतरी मोठं करायचं, मिशनला जायचं, नोकरी सोडायची. आता कळतं की लूकने तो शब्द तुझ्यासारख्यांसाठी घातलाय. आज जमलं, उद्या चमचा हिसकावला, परवा परत उचलायचा.

प्रार्थनासभा सुटली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मार्क ७ वाच. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण आहे असं सांगून जे हात झटकायचे त्यांच्यावर येशू किती कडक बोललाय बघ. पहाटे पाचला बापाची दाढी करणाऱ्याला सभेत का आला नाहीस असं तो विचारणार नाही.

आणि वाढीबद्दल एक सांगतो, त्याच मार्कच्या चौथ्या अध्यायात एक छोटा दाखला आहे जो फारसा कुणी सांगत नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात दाणा. आपल्याकडच्या ज्वारीच्या रानात उभं राहिलं की हे समजतं. रोज सकाळी उकरून बघायला गेलास की किती वाढलं, तर मरेल ते.

एक उदाहरण देऊन थांबतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातल्या हालांनी गेले. आई गेली तेव्हा तिरडी उचलायला माणसं पुरेनात, रमाबाईंनी स्वतः उचलली, उंची कमी म्हणून भार डोक्यावर घ्यावा लागला. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या, बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ साली झाला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना आणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला ठेवलं. ज्या समाजाने आईला खांदा दिला नाही त्याचा हिशेब मांडायचा तर या बाईकडे किती मोठी वही झाली असती सांग. मला वाटतं तिने ती वही दुसरीकडे वळवली. आपण उपाशी होतो हे ती विसरली नाही, पण ते आठवून तिने भाकरी वाढली. तुला आज हे जमेल असं मी म्हणत नाही. त्यांच्याही बाबतीत मधे वीस वर्षं गेली.

---

वसईची मावशी

मास्तरांनी छान लिहिलंय. मी कॅथलिक आहे, वसईची, त्यामुळे माझं थोडं आमच्या पद्धतीने.

बाळा आधी चहा पी. खरंच सांगते. आमच्यात सुद्धा चर्चचा जो उपास बंधनकारक आहे तो फक्त राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) असे दोनच दिवस, आणि तोही १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाला, आजारी माणसाला नाही. बाकी आपण सोडतो ते प्रेमाने सोडतो. मग चहा सोडून डोकं दुखून त्याचा राग अण्णांवर निघत असेल तर तुझा उपास अण्णांनी केला ना, तू कुठे केलास? यशया ५८ वाच, देव काय म्हणतो, मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, आणि आपल्या रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ फिरवू नकोस. चहा घे, दोन बिस्किटं खा, आणि मग पेज भरव. लेंटमध्ये सोडायचंच असेल तर त्या मागच्या पानांवर लिहिणं सोड ईस्टरपर्यंत. जाळू नको, फक्त लिहू नको. बघ किती अवघड जातं ते, मटण काहीच नाही त्याच्यापुढे.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. आम्ही उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट करतो, म्हणजे येशूच्या वधस्तंभाच्या वाटेवरचे प्रसंग आठवून प्रार्थना, त्याची चौदा स्थानं असतात. त्यात येशू तीन वेळा पडतो, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानाला. लहानपणापासून करतेय पण माझे मिस्टर कॅन्सरने अंथरुणाला होते त्या वर्षी मला पहिल्यांदा ते पडणं दिसलं. देवाच्या पोराला एका दमात नाही नेता आलं, मी कोण.

आणि पाचवं स्थान, शिमोन कुरेनेकर. तो बिचारा रानातून येत होता, त्याला शिपायांनी वेठीस धरलं आणि वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. स्वखुशीने नाही हं उचलला त्याने. वेठच होती ती. मनात किती शिव्या दिल्या असतील त्याने शिपायांना, कुणास ठाऊक. तरी येशूच्या पाठीवरचं ओझं कमी झालं की नाही? झालं. तू विचारतोस ना मनाविरुद्ध केलेली सेवा धरली जाते का, तर शिमोनाची धरली गेली, इतकी की मार्कने त्याच्या मुलांची नावं सुद्धा लिहून ठेवली, आलेक्सांद्र आणि रूफ, म्हणजे वाचणाऱ्यांना ती पोरं माहीत असणार. वेठीने सुरू झालेलं कुठे जाऊन पोचलं बघ.

आणि त्याच स्थानाचं दुसरं अंग, जे आपण सेवा करणारे विसरतो. येशूने शिमोनाला नको म्हटलं नाही. "माझा मी उचलीन" म्हणाला नाही. तू भावाला कधी सरळ मागितलंयस का रे? की तो स्वतःहून समजेल, समजेल म्हणून वाट बघतोयस आणि वहीत लिहितोयस? मी माझ्या दिराच्या बाबतीत हेच केलं. मिस्टर गेल्यानंतर दीर मला म्हणाला वहिनी तुम्ही एकदाही सांगितलं नाही रात्री थांबायला या, मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही. मी खूप रडले त्या दिवशी. त्याला फोन कर, आणि "जरा बघ अण्णांकडे" असं नको, आकडा सांग, तारीख सांग. फिजिओचे महिन्याचे एवढे, तू दे. मे महिन्यात पंधरा दिवस ये. नाही म्हणाला तर नाही, पण विचार तरी.

तुमच्या प्रार्थनेत ऋण आहे, आम्ही अपराध म्हणतो. मला तुमचं ऋण जास्त आवडलं आज.

---

सिस्टर, मिरज

मी नर्स आहे, २२ वर्षं वॉर्डमध्ये. आत्मिक सगळं वरच्यांनी सांगितलं, मी दुसरं सांगते, कारण काही गोष्टी तुम्ही पाप म्हणून अंगावर घेताय त्यातल्या बऱ्याच आजारातल्या आहेत.

अण्णांची शिवी ही शिवी नाही. डाव्या मेंदूला मार बसला की विचार करून बोलायचं बोलणं जातं, पण तोंडात बसलेलं, वर्षानुवर्षं घोटलेलं राहतं, म्हणजे आकडे मोजणं, गाणी, प्रार्थना, आणि हो, शिव्या पण. प्रभूची प्रार्थना पूर्ण येते ती त्याचमुळे. म्हणून त्यात देव नाही असं मी म्हणत नाही, मी स्वतः अशा पेशंटबरोबर स्तोत्र २३ म्हटलंय. रडू आणि चिडचीड सुद्धा झटक्यानंतर आवरत नाही, ते तुमच्यावर नसतं. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा, लहान मुलं असतील तर त्यांना आधी.

भरवताना उशा लावून पूर्ण ताठ बसवा, खाल्ल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. घास डाव्या गालाकडे द्या. पातळ पाण्याने ठसका लागतो का? लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, अन्न छातीत जाण्याचा धोका असतो. त्यांना डाव्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या, खाली जुना टॉवेल टाका. स्वतः खाणं हीच एक गोष्ट उरलीय त्यांच्याकडे, म्हणून चमचा गेला तर वाईट वाटलं.

उचलताना उजवा हात धरून कधी ओढू नका, खांदा निखळतो. दर दोन तासांनी कूस बदला, एअर बेड असला तरी. टाचा, माकडहाड आणि कमरेची हाडं रोज बघा, लाल डाग दिसला आणि दाबून पांढरा होत नसेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि तुम्ही. १४ महिने रात्री तीनदा उठणारा माणूस चमचा हिसकावणारच. आम्हाला आठ तासांनी ड्युटी बदलून मिळते, तुम्हाला कोण देतं? येशू सुद्धा लोकांना सोडून डोंगरावर जायचा, लोक शोधत असताना जायचा. आठवड्यातून एक रात्र कुणीतरी दुसऱ्याने झोपायला यावं अशी सोय करा, तुमच्या युवक संघातली पोरं पाळीपाळीने येऊ शकतात, विचारा पाळकांना. खांद्यावर हात ठेवणारे दोघेतिघे होते ना, त्यांनाच पहिलं विचारा.

---

कोल्हापूरची सून

मी सगळं वाचत आले, सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही म्हणून विचारते, राग मानू नका दादा.

तुम्ही पहाटे ५ ते ऑफिसपर्यंत आणि संध्याकाळी परत असं लिहिलंय. मधे अण्णांना कोण बघतं? सकाळी १० ते संध्याकाळी ६ डायपर कोण बदलतं, ती पेजेची चादर कुणी धुतली, दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दिवसातल्या चार वेळा कुणाच्या? तुमच्या घरात वहिनी आहेत असं मी धरून चालते, कारण एवढं सगळं आपोआप होत नाही. तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये त्यांचा एक शब्द नाही. अकरा पानं भावाने काय केलं नाही याची आहेत, आणि ज्या बाईने केलं तिच्या नावाचं एखादं पान आहे का?

मी हे रागाने लिहीत नाही. माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणावर होत्या. चर्चमध्ये सगळे माझ्या नवऱ्याला म्हणायचे काय मुलगा आहे, आणि तो खरंच चांगला मुलगा होता, करायचा तो. पण माझ्यासाठी ते "सुनेचं कर्तव्य" आणि त्याच्यासाठी "आत्मत्याग". एकदा प्रभुभोजनाच्या रविवारी मी घरीच राहिले कारण कुणीतरी राहायला हवं होतं, आणि तो परत आला आणि म्हणाला पुढच्या वेळी तू जा, मी थांबतो. एवढंच. पण ते मला अजून आठवतं, सासूबाईंना जाऊन आता सहा वर्षं झाली तरी.

प्रेम मला वाटतं आधी दिसायला लागतं. कोण काय करतंय ते दिसायला लागतं. भावाचं तुम्हाला फार बारीक दिसतं, ४ मिनिटं सुद्धा मोजलीत.

---

श्रीरामपूरकर

दोन दिवस काही लिहिलं नाही. कोल्हापूरच्या ताईंचं वाचलं आणि मोबाईल बाजूला ठेवून बसून राहिलो.

आहे, बायको आहे. ती अंगणवाडीत सेविका होती, अण्णा पडल्यावर तिसऱ्या महिन्यात सोडलं. मी ते सोडणं माझ्या वहीत लिहिलंय ताई, कसं लिहिलंय सांगू का, "हिचं मानधन बंद, भावामुळे." म्हणजे तिचा त्याग पण मी त्याच्या नावे टाकला आणि माझ्या खात्यात जमा केला. क्लार्क माणूस आहे मी, अशी नोंद दुसऱ्या कुणी केली असती तर मी पकडली असती.

त्या रात्री तिला सगळं दाखवलं, दोन्ही बाजू. तिने मागची पानं वाचली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तुम्हाला लिहायला जागा होती, मी कुठे लिहू? मला उत्तर देता आलं नाही. मी माफी मागितली, पण ती काही लगेच सगळं ठीक झालं अशी म्हणाली नाही आणि म्हणायला पण नको. ती १४ महिन्यांत संगमनेरला माहेरी एकदाच गेलीय, तेही एका दिवसात परत. शनिवारी तिला पाठवलं, रविवार संध्याकाळपर्यंत. शनिवारी रात्री माझ्याबरोबर झोपायला चर्चमधला एक मुलगा आला, सिस्टर तुमच्या सांगण्यावरून विचारलं होतं, लगेच हो म्हणाला. रविवारच्या उपासनेला नाही गेलो, घरीच होतो अण्णांजवळ. अख्खा दिवस पहिल्यांदा एकट्याने केला. दुपारी दोन ते चार हा वेळ किती लांब असतो ते मला माहीतच नव्हतं.

भावाला फोन केला, मावशींनी सांगितलं तसं आकडा घेऊन. पुढच्या पानांचा फोटो काढून पाठवला, मागच्या नाही. तो आधी चिडला, हिशेब पाठवतोस का म्हणाला. मी म्हटलं हो, कारण मला एकट्याला होत नाही. हे वाक्य मी त्याला १४ महिन्यांत कधी म्हटलं नव्हतं. मग तो गप्प झाला. फिजिओचे देतो म्हणालाय, सुट्टीचं बघतो म्हणालाय. देईल की नाही माहीत नाही. माझा राग गेलेला नाही, खोटं लिहीत नाही, फोन ठेवल्यावर हात परत कपाटाकडे गेला होता. लिहिलं नाही. चहा प्यायलो.

प्रार्थनेतली ती ओळ काल म्हटली. पुटपुटलो असं म्हणा.

---

निवृत्त मास्तर, नगर

पुटपुटलास तरी चालेल.

---

सिस्टर, मिरज

दादा एक विचारायचं राहिलं. अण्णा पेटी वाजवायचे लिहिलंय. पेटी आहे का अजून घरी? बोलता न येणाऱ्या पेशंटना गाण्यातून शब्द येतात कधी कधी, बघा करून. आणि डावा हात चांगला आहे ना त्यांचा.

---

श्रीरामपूरकर

आहे सिस्टर, माळ्यावर होती, तुमचं वाचून काल काढली. पुसली. भात्याला एका कोपऱ्यात चीर आहे त्यामुळे हवा राहत नाही. तरी पलंगाशेजारी स्टुलावर ठेवली आणि अण्णांचा डावा हात भात्यावर नेऊन ठेवला. ते आयुष्यभर भाता डाव्या हातानेच मारत आले की. हाताला लगेच कळलं, मला काही सांगावं लागलं नाही, हळूहळू मारायला लागले. पट्ट्या मी दाबल्या, मला फक्त लहानपणी त्यांनी शिकवलेलं ना. वा. टिळकांचं एक ख्रिस्ती भजन येतं आणि तेही एका बोटाने. मधे मधे हवा संपायची आणि सूर बसायचा, की अण्णा चिडून "ते... ते" करून भात्याच्या चिरेकडे बोट दाखवायचे. ही स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्यापासून म्हणायला लागली, अण्णांनी पण शेवटचे दोनतीन शब्द म्हटले तिच्याबरोबर.

नगरला पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का चांगलं? मास्तर तुम्हाला माहीत असेल तर सांगा. पुढच्या शनिवारी मी आणीन, तोवर चिरेवर कापडी चिकटपट्टी लावलीय.